सात दिवसांत सीडीएल म्हणतायत? आधी त्यांच्या यार्डात तासभर उभे राहा

तुमचा प्रश्न थोडक्यात असा आहे. ग्रीन कार्ड आलंय, कॅलिफोर्नियात स्टॉकटनजवळ राहता, वेअरहाऊसमधलं पॅकिंगचं काम सोडून ट्रकवर जायचंय. ओळखीतल्या एकाने स्कूल सांगितलं, फी २,४०० डॉलर, निम्मे आधी कॅश, सात दिवसांत क्लास ए सीडीएल, म्हणजे ट्रेलरवाला मोठा ट्रक चालवायचं कमर्शियल लायसन्स, ऑफिसबाहेर 'फेडरल गव्हर्नमेंट अप्रूव्ड' असा बोर्ड आणि सरकारी साइटवर स्कूलचं नावही सापडलं. तरी पुतण्या म्हणतो अक्रेडिटेड नाही, पैसे घालवू नका. तर कोणाचं खरं?

दोघांचं अर्धं अर्धं. मी २००८ पासून ट्रक चालवतोय आणि गेली काही वर्षं शिकवतोय, आणि आमच्याकडे दर महिन्याला एक-दोन जण तरी येतात जे आधी असल्याच ठिकाणी पैसे देऊन बसलेले असतात, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

पहिली गोष्ट, सात दिवसांत होऊच शकत नाही. तुम्ही लिहिलंय की सीएलपी, म्हणजे शिकाऊ परमिट, अजून काढलेलं नाही. फेडरल नियम असा आहे की सीएलपी हातात आल्यापासून १४ दिवस व्हायच्या आत स्किल टेस्ट, म्हणजे गाडी चालवून दाखवायची परीक्षा, देताच येत नाही. हे कोणत्याही स्कूलच्या मालकाला झोपेत विचारलं तरी माहीत असतं. तरीही तो सात दिवस म्हणतोय, म्हणजे एकतर सात दिवस शिकवून बाकीचे दिवस घरी बसवणार किंवा सरळ थाप मारतोय. दोन्हीपैकी काहीही असलं तरी पहिल्याच वाक्यात त्याने पूर्ण खरं सांगितलं नाही, एवढं लक्षात ठेवा.

आता त्या सरकारी यादीचं. ७ फेब्रुवारी २०२२ पासून ईएलडीटी नावाचा नियम लागू आहे. पहिल्यांदा क्लास ए किंवा बी काढणाऱ्याने एफएमसीएसए, म्हणजे ट्रकिंगवर देखरेख करणारं फेडरल खातं, त्यांच्या ट्रेनिंग प्रोव्हायडर रजिस्ट्रीत (हीच ती सरकारी यादी) नाव असलेल्या ठिकाणीच ट्रेनिंग घ्यायचं, आणि ते पूर्ण झाल्याची नोंद त्या स्कूलने ऑनलाइन केल्याशिवाय डीएमव्ही, म्हणजे लायसन्स देणारं राज्याचं खातं, स्किल टेस्टला बसू देत नाही. इथपर्यंत ठीक. पण त्या यादीत नाव जातं कसं हे कोणी सांगत नाही. स्कूलवाला स्वतः फॉर्म भरतो आणि स्वतःच लिहून देतो की माझा अभ्यासक्रम, माझे इन्स्ट्रक्टर, माझे ट्रक, माझी जागा सगळं नियमात बसतं. आधी कोणी येऊन यार्ड बघत नाही. स्थळाच्या बायोडाटात 'मुलगा निर्व्यसनी' असं लिहिलेलं असतं, ते कोणी लिहिलेलं असतं? मुलाच्या बापानेच ना! तसंच हे. यादीत नाव नसेल तर तिकडे फिरकूच नका, पण नाव आहे म्हणून सरकारने अप्रूव्ह केलंय असा अर्थ काढू नका.

आणि हे मी कोणावर खार खाऊन म्हणत नाहीये. डिसेंबर २०२५ मध्ये खुद्द अमेरिकेच्या वाहतूक खात्यानेच जवळजवळ ३,००० प्रोव्हायडर्सना यादीतून काढण्याची नोटीस दिली आणि आणखी ४,५०० जणांना इशारा दिला. कारणं काय, तर ट्रेनिंगच्या नोंदी खोट्या भरणं, इन्स्ट्रक्टर पात्र नसणं, कागदपत्रं न ठेवणं, तपासणीला आल्यावर रेकॉर्ड न दाखवणं. म्हणून नाव एकदा बघून भागत नाही, फी भरायच्या दिवशी सकाळी परत बघा. काढण्याची नोटीस आली की स्कूलने ते आपल्या विद्यार्थ्यांना कळवायचं असतं, पण ज्याने नोंदीच खोट्या भरल्या तो हे कळवेल यावर मी तरी भरवसा ठेवणार नाही.

मग राज्याचं लायसन्स. कॅलिफोर्नियात खासगी व्यावसायिक शिक्षणावर बीपीपीई म्हणून एक ब्युरो आहे. त्यांच्याकडे मान्यता घेतलेली स्कूल असेल तर तुम्हाला चार गोष्टी मिळतात. लेखी करार, सगळी फी आधीच जाहीर, पहिल्या क्लासपर्यंत किंवा सही केल्यापासून सातव्या दिवसापर्यंत, जे नंतर येईल तोवर, नाव काढून पैसे परत, आणि स्कूलच बुडाली तर विद्यार्थ्यांच्या भरपाईसाठी एक फंड. आता यातली मेख बघा. ज्या स्कूलचे सगळे कोर्स २,५०० डॉलर किंवा त्याहून कमीचे आहेत आणि सरकारी मदत किंवा सरकारी लोन त्यात नाही, अशांना या ब्युरोच्या मान्यतेतून सूट आहे. तुमचा २,४०० चा आकडा वाचला आणि मला हसूच आलं. फी अशी रेषेच्या बरोब्बर आत का असते हे आता कळलं असेल. सूट घेणं बेकायदेशीर नाही, आणि कमी फीच्या सगळ्या स्कूल लबाड असतात असंही नाही, पण तिथे फसलात तर ब्युरो तुमच्या पाठीशी उभा नाही, हा हिशोब आधीच करून ठेवा. आणि २,४०० सांगून वर यार्ड फी, ट्रक फी, टेस्ट फी असं लावत ३,२०० ला नेत असेल तर मग ती सूटही त्याला लागू नाही, तो सरळ विनापरवाना धंदा झाला.

आता पुतण्याचा मुद्दा, अक्रेडिटेशन. हा शब्द लोक फार सैल वापरतात. खरं अक्रेडिटेशन म्हणजे फेडरल शिक्षण खात्याने मान्य केलेल्या संस्थेने त्या स्कूलची तपासणी करून दिलेली मान्यता, आणि ती मुख्यतः फेडरल स्टुडंट एड मिळण्यासाठी लागते. चार आठवड्यांचा ट्रकचा कोर्स त्या मदतीत सहसा बसतच नाही, त्यामुळे कितीतरी चांगल्या छोट्या स्कूल त्या भानगडीत पडत नाहीत. म्हणजे अक्रेडिटेड नाही म्हणून फ्रॉड, हे पुतण्याचं गणित चुकीचं आहे. पण जी स्कूल अक्रेडिटेड आहोत असं सांगते तिला विचारायचं, कोणाकडून? नाव लिहून घ्या आणि शिक्षण खात्याच्या डेटाबेसमध्ये शोधा. भारदस्त नावाची संस्था स्वतःच काढून स्वतःलाच सर्टिफिकेट देणारे महाभाग आहेत. याशिवाय पीटीडीआय म्हणून १९८६ पासूनची एक संस्था आहे, ती स्कूलला नाही तर कोर्सला सर्टिफाय करते. तो शिक्का असेल तर चांगलंच. आणि कम्युनिटी कॉलेजात सीडीएलचा कोर्स असेल तर तो आधी बघा, तिथे थांबावं लागतं, वेटिंग असतं, पण कॉलेजच अक्रेडिटेड असल्यामुळे हे सगळं शोधायची कटकट वाचते.

खरं सांगायचं तर कागदावरून फक्त वाईट स्कूल गाळता येतात, चांगली सापडत नाही. चांगली शोधायची तर यार्डात जावं लागतं.

अपॉइंटमेंट न घेता जा, कामाच्या दिवशी, सकाळी दहाच्या सुमाराला. कोपऱ्यात तासभर उभे राहा आणि मोजा, ट्रक किती चालू आहेत, एका ट्रकभोवती माणसं किती उभी आहेत, आणि त्या तासात एक माणूस किती मिनिटं स्टेअरिंगवर बसला. मी एकदा एका ठिकाणी पाहिलंय, एक ट्रक, आठ माणसं. एकाने रिव्हर्स घेतला की उतरायचं आणि परत रांगेच्या शेवटी. पाच तासांत एकेकाच्या वाट्याला जेमतेम तीस-पस्तीस मिनिटं, आणि इन्स्ट्रक्टर गाडीत नाहीच, तो खुर्ची टाकून फोनवर. बाकीच्यांनी उन्हात उभं राहून बघितलेला वेळही त्यांच्या शीटवर 'ट्रेनिंग अवर्स' म्हणून चढत होता. नियमात बिहाइंड द व्हील म्हणजे स्टेअरिंग तुमच्या हातात असलेला वेळ, दुसऱ्याचं बघत बसलेला नाही, आणि सिम्युलेटरवरचाही नाही.

फेडरल नियमात किती तास याला किमान आकडा नाहीये, विद्यार्थ्याला येईपर्यंत शिकवा एवढंच आहे, आणि लबाड स्कूल याच फटीतून घुसतात. कॅलिफोर्नियात मात्र राज्याने किमान १५ तास ठेवलेत, त्यातले १० पब्लिक रोडवर. पंधरा तास म्हणजे काही फार नाही हो, ८०,००० पौंडांची, म्हणजे साधारण ३६ टनांची गाडी घेऊन निघायचंय. ट्रकिंग कंपन्यांत १६० तासांच्या कोर्सची सवय आहे, थिअरी, यार्ड आणि रोड मिळून. म्हणून स्कूलमध्ये विचारा, १६० पैकी माझ्या हातात स्टेअरिंग किती तास? आकडा लगेच आणि लेखी मिळाला तर बरं लक्षण. 'तुम्ही टेन्शन घेऊ नका भाऊ' असं उत्तर आलं तर निघा तिथून.

थिअरीबद्दल एवढंच, ती ऑनलाइन दुसरीकडून केली तरी चालते, परीक्षेत ८० टक्के लागतात. पण यार्ड आणि रोड हे दोन्ही एकाच प्रोव्हायडरकडे व्हायला हवं. यार्ड आमच्याकडे, रोड माझ्या मित्राच्या स्कूलमध्ये, असं कोणी म्हणालं तर ते नियमात बसत नाही.

गेल्या वर्षी एक मुलगा आमच्याकडे आला, दुसरीकडे 'शिकून' दोनदा नापास झालेला. म्हटलं एअर ब्रेक टेस्ट करून दाखव. त्याने इंजिन बंद केलं, चावी ऑन ठेवली आणि रामरक्षा म्हणावी तसं घडाघडा सुरू झाला, एका मिनिटात हवेचा दाब चार पीएसआयपेक्षा जास्त उतरता कामा नये, काटा पंचावन्नच्या खाली जायच्या आधी लो एअर वॉर्निंग वाजली पाहिजे, वीस ते पंचेचाळीसच्या मध्ये पार्किंग ब्रेकचा नॉब आपोआप बाहेर आला पाहिजे. शब्द न् शब्द बरोबर. मी विचारलं, आत्ता काटा कुठे आहे? तो गप्प. त्याला गेज कुठला तेच माहीत नव्हतं, तो स्पीडोमीटरच्या बाजूला बघत होता, आणि पायाने ब्रेक पूर्ण दाबून धरायचा असतो हे कोणी सांगितलंच नव्हतं. पाठांतर शिकवलं होतं, ब्रेक नाही. तुम्ही यार्डात गेलात की एखाद्या विद्यार्थ्याला सहज विचारा, हा नॉब का बाहेर येतो? येत असेल तर तो खूश होऊन सांगतो. नसेल येत तर इन्स्ट्रक्टरकडे बघतो.

मग ट्रक बघा, आणि हे लोक हमखास विसरतात. टेस्ट ज्या गाडीवर देता तशी बंधनं लायसन्सवर येतात. ऑटोमॅटिकवर दिली तर ई रिस्ट्रिक्शन, मॅन्युअल चालवता येत नाही. हल्ली बहुतेक मोठ्या कंपन्यांकडे ऑटोमॅटिकच आहेत त्यामुळे याने फार अडत नाही. पण फुल एअर ब्रेक नसलेल्या गाडीवर दिली तर एल किंवा झेड लागतं आणि फिफ्थ व्हीलऐवजी, म्हणजे सेमी ट्रकच्या मागे ट्रेलर अडकवायची जी गोल प्लेट असते तिच्याऐवजी, साध्या हुकने ट्रेलर जोडलेल्या गाडीवर दिली तर ओ लागतं, आणि ओ असलेल्या क्लास ए वर तुम्ही सेमी ट्रक चालवूच शकत नाही. म्हणजे लायसन्सवर ए लिहिलंय आणि नोकरी मिळत नाही! मोठा पिकअप आणि मागे ट्रेलर दाखवून 'हापण क्लास एच आहे' म्हणणारे असतात, खोटं बोलत नाहीत पण अर्धंच बोलतात. तेव्हा थेट विचारा, टेस्टला कुठली गाडी देणार, आणि तिचाच फोटो काढून ठेवा.

माझं स्वतःचं सांगतो. २००८ साली मीही स्वस्तातल्याच स्कूलमध्ये गेलो होतो, नाव कशाला घेऊ, आता ती नाहीये. तिथे बॅकिंग शिकवलं ते खुणांवर, जमिनीवर ठेवलेला तिसरा ट्रॅफिक कोन खिडकीच्या चौकटीत आला की स्टेअरिंग पूर्ण फिरव, मग दहापर्यंत मोज, मग सरळ कर. त्यांच्या यार्डात मी डोळे मिटून घ्यायचो आणि टेस्टही पहिल्या फटक्यात पास. पहिल्याच आठवड्यात रात्री दोन वाजता एका भाजीच्या कोल्ड स्टोरेजच्या डॉकवर गेलो, दोन्ही बाजूंना ट्रक उभे, मधे एकच गाळा रिकामा, मागे ५३ फुटी ट्रेलर आणि कोन एकही नाही. पाऊण तास खटपट करून शेवटी शेजारच्याचा हुडवरचा आरसा तोडला आणि तिथल्या यार्डवाल्या ड्रायव्हरने मला खाली उतरवून दोन मिनिटांत गाडी लावून दिली. तिसऱ्या आठवड्यात कंपनीने नमस्कार केला. आरशाचे पैसे सोडा हो, पण नवी कंपनी मागच्या तीन वर्षांतल्या मालकांकडे चौकशी करते, त्यामुळे तो आरसा जिथे अर्ज करीन तिथे माझ्या आधी पोचलेला असायचा. स्कूलमध्ये वाचवले ते हजार-दीड हजार डॉलर मला असे पडले.

आता सगळ्यात वाईट प्रकार. 'टेस्टचं आम्ही बघून घेऊ, एक्झामिनर आपलाच आहे.' हे वाक्य कानावर पडलं की त्याच पावली परत फिरा. १९९४ मध्ये विस्कॉन्सिनमध्ये मिलवॉकीजवळ एका ट्रकचा मडफ्लॅप आणि टेललाइटचा तुकडा सुटून रस्त्यावर पडला, मागच्या व्हॅनची टाकी फुटली, आग लागली आणि एकाच घरातली सहा मुलं गेली. आजूबाजूचे ट्रकवाले सीबी रेडिओवर ओरडून सांगत होते की तुझ्या गाडीचं काहीतरी लोंबतंय, पण त्या ड्रायव्हरला इंग्रजी कळत नव्हतं. त्याचं लायसन्स इलिनॉयमधून पैसे चारून काढलेलं निघालं. ती चौकशी वर वर जात शेवटी राज्याचे माजी गव्हर्नर जॉर्ज रायन यांच्यापर्यंत गेली आणि २००६ मध्ये ते दोषी ठरले. आजही स्कूलचा घोटाळा उघड झाला की त्या स्कूलमधून निघालेल्यांना राज्य परत टेस्टला बोलावतं, आणि फसवणुकीत दोषी ठरलात तर किमान एक वर्ष सीडीएल बंद. नोकरी लागून घराचं भाडं चालू झाल्यावर असं पत्र येणं म्हणजे काय, विचार करा.

त्यातूनच इंग्रजीचं आलं. त्या स्कूलने तुम्हाला 'हिंदीत शिकवतो' म्हणून ओढलंय असं तुम्ही लिहिलंय. समजावून सांगायला हिंदी असो की मराठी, काही बिघडत नाही, मीही मराठी माणूस आला की क्लचचं मराठीतच सांगतो. पण स्किल टेस्ट इंग्रजीतच असते, दुभाष्या चालत नाही, आणि २५ जून २०२५ पासून रस्त्यावरच्या तपासणीत इंग्रजी बोलता येत नसेल किंवा पाट्या वाचता येत नसतील तर ड्रायव्हरला तिथल्या तिथे आउट ऑफ सर्व्हिस करतात, म्हणजे पुढे गाडी चालवू देत नाहीत. जी स्कूल म्हणते इंग्रजीची गरजच नाही, ती तुम्हाला फक्त टेस्टच्या दिवसापर्यंत नेऊन सोडणार. तुम्हाला ग्रीन कार्ड आहे म्हणून बाकी स्टेटसचा प्रश्न येत नाही, पण तुमचा जो मित्र वर्क परमिटवर आहे त्याला सांगा, २०२५ पासून त्यांचे नियम फार कडक झालेत, फी भरायच्या आधी डीएमव्हीलाच विचार, स्कूलवाल्याला नाही.

पैशाचं थोडं. कॅश देऊ नका, द्यायचीच वेळ आली तर सहीची पावती. दुसऱ्या-तिसऱ्या टेस्टला ट्रकचं भाडं किती हे करारात लिहून घ्या, कारण काही ठिकाणी मुद्दाम कच्चं ठेवून टेस्टला पाठवतात आणि दर नापासामागे परत पैसे. ट्रेनिंग संपल्यावर दुसऱ्या वर्किंग डेच्या मध्यरात्रीपर्यंत त्यांनी रजिस्ट्रीत नोंद टाकायची असते, ती अडवून धरून जास्तीचे पैसे मागितले तर एफएमसीएसएकडे तक्रार करता येते. आणि खिशातून भरायच्या आधी जवळच्या अमेरिकन जॉब सेंटरमध्ये जाऊन डब्ल्यूआयओए, म्हणजे नोकरीच्या ट्रेनिंगसाठीची फेडरल योजना, तिच्या मदतीबद्दल विचारा. मदत मिळो न मिळो, त्यांच्याकडे राज्याने पात्र ठरवलेल्या प्रोव्हायडर्सची यादी असते, आणि तिच्यात शिरायला स्वतःच लिहून दिलेला फॉर्म पुरत नाही. कंपनीच्या खर्चाने शिकायचा मार्गही आहे, फक्त किती महिने बांधून घेणार आणि मधेच सोडलं तर किती फेडायचे, ते बारीक अक्षरातलं वाचल्याशिवाय सही नको.

शेवटचं एक काम, पंधरा मिनिटांचं आहे पण कोणी करत नाही. ज्या दोन-तीन ट्रकिंग कंपन्यांत तुम्हाला लागायचंय त्यांच्या रिक्रूटरला फोन करा आणि सरळ विचारा, अमुक स्कूलमधून निघालेला नवा ड्रायव्हर तुम्ही घेता का? त्यांच्या इन्शुरन्सवाल्यांनी कुठल्या स्कूलवर फुली मारलीय हे त्यांना पाठ असतं. गूगलच्या पाचशे रिव्ह्यूंपेक्षा हे उत्तर खरं निघतं.

तेव्हा या आठवड्यात मेडिकल करून घ्या, सीएलपीच्या लेखी परीक्षेची तारीख घ्या, आणि परमिट आलं की ते १४ दिवस तसेही थांबायचंच आहे, तेवढ्यात दोन-तीन यार्ड बघून होतील. त्या २,४०० वाल्याकडेही परत जा, फक्त लेखी करार आणि ट्रकचा नंबर मागा. काय म्हणाला ते मला सांगा, मग बोलू.